दोन बॅरलं, एक काडतूस: पावडरच्या मापाने थ्रोट किती झिजतो याच्या नोंदी

१४ जानेवारी २०२३

माझ्या रायफलीचं जुनं बॅरल, ६.५-२८४ नॉर्मा या काडतुसाचं, आज ॲक्शनवरून (बोल्ट बसतो त्या मागच्या भागावरून) उतरवलं. त्यातून साधारण अकराशे गोळ्या गेल्या होत्या. हल्ली हजार यार्डांवर मधूनच एखादी गोळी उगाच वर किंवा खाली जायची. वारा चुकला असता तर फरक डावी-उजवीकडे दिसला असता, म्हणून संशय बॅरलवरच होता. बोअरस्कोप, म्हणजे नळीत घालायचा बारीक कॅमेरा, आत घातला. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून रायफलिंग (गोळीला फिरवणाऱ्या पेचदार खाचा) सुरू होतं त्या भागात, म्हणजे थ्रोटमध्ये, पोलादावर आडव्या-उभ्या भेगांचं जाळं पसरलेलं होतं. लँड्सच्या (त्या खाचांमधल्या उंचवट्यांच्या) सुरुवातीच्या कडा पार गुळगुळीत झालेल्या. मूळ जागेपासून रायफलिंग एकशे दहा थाऊ पुढे सरकलेलं. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत बाबांचं टर्निंगचं काम होतं, तिथून हा शब्द माझ्या तोंडी बसला आहे.) मझलकडचा (पुढच्या तोंडाकडचा) शेवटचा फूटभर भाग मात्र नव्यासारखा लखलखीत. बॅरल मागच्या टोकाला मरतं, हे वाचून माहीत होतं, आज डोळ्यांनी पाहिलं.

अमेरिकेत येऊन हँडलोडिंगला, म्हणजे काडतुसं घरीच भरायला, लागलेली आपली काही मंडळी मला नेहमी विचारतात, ‘ताई, बॅरल किती टिकतं?’ नुसता गोळ्यांचा आकडा सांगून हे उत्तर पुरं होत नाही. काडतूस कोणतं, त्यात पावडर किती आणि ती किती घाईने जाळली, या तिन्हींवर ते ठरतं. नवं बॅरल घ्यायचंच आहे, तर दोन घेऊन हे नीट मोजायचं ठरवलं. नोंदी त्यासाठी.

२२ जानेवारी २०२३

आधी काडतूस ठरवायचं. मी एक साधा हिशोब करते: पितळात, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचात, पाणी किती ग्रेन मावतं (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग), त्याला बोअरच्या, म्हणजे नळीच्या भोकाच्या, चौरस इंचांतल्या क्षेत्रफळाने भागायचं. आकडा जितका मोठा, तितका जास्त गरम वायू अरुंद नळीत कोंबला जातो.

.२२३ रेमिंग्टनला हा आकडा साधारण ७३५ येतो, .३०८ विंचेस्टरला ७५०, ६.५ क्रीडमूरला ९७०, .२४३ विंचेस्टरला ११६०, ६.५-२८४ ला १२४०. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या .२६४ विंचेस्टर मॅग्नमला तो दीड हजाराच्या वर जातो, आणि बॅरल खाणारं काडतूस ही त्याची ख्याती तेव्हापासूनची आहे. पितळ कोणत्या कंपनीचं यावर हे आकडे थोडे हलतात, पण क्रम बदलत नाही.

नवख्यांना इथे एक गोष्ट चकवते. .३०८ मध्ये ४४ ग्रेनच्या आसपास पावडर जळते, ६.५ क्रीडमूरमध्ये ४१च्या आसपास. म्हणजे .३०८ पावडर जास्त खातं, तरी त्याचं बॅरल जवळपास दुप्पट टिकतं. कारण बोअर रुंद आहे. दर चौरस इंचामागे पाहिलं तर .३०८ ला ५९० ग्रेन पडतात, क्रीडमूरला ७५०, आणि ६.५-२८४ मध्ये ५० ग्रेन धरले तर ९१०. दाबाने हा फरक समजत नाही. .३०८ आणि ६.५ क्रीडमूर दोन्हींची सामी या अमेरिकी दारूगोळा-मानक संस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआयच (दर चौरस इंचाला पौंड) आहे.

एफ-क्लास, म्हणजे रायफल आधारावर टेकवून लांब पल्ल्यावर केलेली नेमबाजी. तिच्या एफ-टीआर गटात फक्त .३०८ आणि .२२३ चालतात, म्हणून त्या नेमबाजांपुढे हा प्रश्न फारसा येत नाही. मी ओपन गटात आहे. सहा मिलिमीटरची छोटी काडतुसं पाहिली, .२८४ पाहिलं, आणि शेवटी ६.५ क्रीडमूर घेतलं. २००७ मध्ये हॉर्नडीने आणलेलं हे काडतूस हजार यार्डांवर सर्वात वेगवान नाही. पण नेमबाजांच्या बोलण्यात त्याचं मॅचच्या दर्जाचं आयुष्य अडीच ते तीन हजार गोळ्या येतं, आणि ६.५-२८४ चं हजार-बाराशे. हातातलं बॅरल पाहता दुसरा आकडा मला पटला. पहिला आता पडताळायचा.

११ मार्च २०२३

दोन्ही बॅरलं आली. ४१६आर स्टेनलेस, २६ इंच, एकाच मेकरची, एकाच रीमरने (चेंबर कोरणाऱ्या हत्याराने) चेंबर केलेली, शोल्डर कापून तयार. प्रत्येकी साडेपाचशे डॉलर आणि करासह पाठवणावळ. दोन्हींचे मिळून बाराशेच्या वर गेले. एच४३५० पावडरचे आठ पौंडी डबे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी बनवलेले, मिळेपर्यंत थांबावं लागलं, आणि त्यावर ज्वालाग्राही मालाचा वेगळा आकार. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे साधारण १७० गोळ्या. हिशोब करून ठेवा, मध्येच लॉट बदलला तर सगळी तुलना वाया जाते.

बॅरलांना नावं ‘अ’ आणि ‘ब’. गोळी दोन्हींत तीच, १४० ग्रेनची मॅच गोळी. पितळ, प्रायमर (बुडाशी असलेली, पावडर पेटवणारी टोपी), गोळीची बसवणी (ती पितळात किती आत बसते) सगळं सारखं. ‘अ’मध्ये पावडर मॅन्युअलच्या कमाल मापाच्या किंचित खाली. ‘ब’मध्ये त्यापेक्षा २.२ ग्रेन कमी. ग्रॅममध्ये हा फरक जेमतेम ०.१४. चिमटीतही नीट येत नाही एवढी पावडर.

ग्रेनचा नेमका आकडा इथे लिहीत नाही. माझ्या चेंबरला आणि माझ्या पितळाला चाललेलं माप तुमच्या रायफलीत धोक्याचं ठरू शकतं. पावडर बनवणाऱ्याचं छापील मॅन्युअल घ्या, त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून वर चढा.

बॅरल बदललं की हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी लांबीची जागा) दर वेळी गो आणि नो-गो गेजने तपासायचा. टॉर्क रेंचशिवाय हे काम करू नका.

२ एप्रिल २०२३

पहिला धडा वेगाचा. बॅरलं नवीन असताना क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) ‘अ’चा सरासरी वेग २७०५ फूट प्रति सेकंद आला, ‘ब’चा २६१०. तेवढ्यावर विसंबून मी तक्ता करून टाकला होता. दीडशेच्या आसपास गोळ्या झाल्यावर पुन्हा मोजलं, तर ‘अ’ २७४५ आणि ‘ब’ २६४०. पावडर तीच, मापही तेच. नवं बॅरल सुरुवातीच्या शंभर-दोनशे गोळ्यांत असं वेग पकडतं. त्यामुळे कोऱ्या बॅरलवर कमाल मापाच्या काठाला जाऊन बसणं धोक्याचं. वेग वाढतो तसा दाबही वाढतो. ‘अ’मध्ये मी काठापासून थोडं अंतर ठेवलं होतं, म्हणून प्रायमर चपटा होणं, बोल्ट जड उचलणं अशी जास्त दाबाची कुठली खूण दिसली नाही.

सुरुवातीचा तक्ता रद्द. तुलना इथून पुढे.

एकशे पाच फुटांचा फरक म्हणजे मैदानावर काय? बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरनुसार ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात हजार यार्डांवर ‘ब’ची गोळी चार ते पाच इंच जास्त सरकते. एफ-क्लासच्या हजार यार्डी निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं असतं आणि त्याच्या आतलं एक्सचं पाच इंचांचं. फरक आहे, नाकारत नाही. त्याची किंमत किती मोजावी लागते, ते पाहायचं आहे.

२१ मे २०२३

प्रत्येकी दोनशे गोळ्या. थ्रोट मोजायला ओव्हरऑल लेंग्थ गेज वापरते. मागून भोक पाडून आटे दिलेलं पितळ चेंबरमध्ये घालायचं, गोळी हलक्या हाताने पुढे ढकलून लँड्सना टेकवायची, बाहेर काढून कंपॅरेटरवर लांबी घ्यायची.

रीडिंग स्थिर येईना. एकाच बॅरलवर लागोपाठ घेतलेल्या मापांत आठ थाऊंचा फरक पडत होता. जो फरक शोधायचा आहे तोच दहा थाऊंचा, मग असं मोजून उपयोग काय? दोन दिवस यातच गेले. कारणं दोन सापडली. डब्यातून दर वेळी नवी गोळी घेत होते, आणि गोळ्यांच्या ओजाइव्हचा (टोकाकडच्या वळणाचा) आकार एकमेकींशी तंतोतंत जुळत नाही. शिवाय दांडी ढकलण्याचा जोर दर वेळी वेगळा. आता एक गोळी कायमची या कामाला ठेवली आहे, मार्करने खूण करून वेगळ्या डबीत. पितळही माझ्याच चेंबरमध्ये एकदा झाडलेलं घेऊन त्याला आटे पाडून घेतले. जोर बोटाच्या एका टोकाचा, त्याहून जास्त नाही. पाच वेळा मोजायचं आणि मधलं माप धरायचं. फरक आता दोन थाऊंच्या आत राहतो.

नव्या बॅरलच्या मानाने थ्रोटची झीज: ‘अ’ ११ थाऊ, ‘ब’ ८.

२५ जून २०२३

चारशे गोळ्या. ‘अ’चं माप मागच्यापेक्षा कमी आलं. थ्रोट मागे येऊ शकत नाही, म्हणजे मोजण्यात काहीतरी आडवं येत होतं. बोअरस्कोप घातला तेव्हा पितळाचं तोंड जिथे संपतं त्याच्या लगेच पुढे काळं, चकाकतं कडं दिसलं. कार्बनची रिंग. कडक, काचेसारखी घट्ट बसलेली. गोळी तिलाच अडत होती.

ही रिंग मापापुरतीच वाईट नाही. ती गोळीला आवळते, आणि दाब अचानक चढतो. कमाल मापाच्या जवळ असलेल्या भरणीत हे घडलं तर प्रायमर उडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ‘अ’च्या वेगांचा फैलाव गेल्या दोन वेळांपासून वाढला होता, त्याचं कारण हेच.

नुसत्या सॉल्व्हंटच्या पॅचने ती हलली नाही. कार्बनसाठीचं सॉल्व्हंट थ्रोटमध्ये अर्धा तास मुरू दिलं, मग एक साइझ मोठा नायलॉन ब्रश चेंबरकडून घालून जागच्या जागी फिरवला, आणि उरलेलं बारीक बोअर-पेस्ट लावलेल्या पॅचने काढलं. पेस्ट जपून वापरा, ती घासतेच. रॉडला गाइड नसेल तर हे काम करायला घेऊ नका, वाकलेला रॉड थ्रोटची एकच बाजू खातो. सगळी सकाळ यात गेली.

स्वच्छ झाल्यावर: ‘अ’ २१, ‘ब’ १४. इथून पुढे मोजण्याआधी बोअरस्कोप हा नियम. बोअरस्कोप म्हणजे मोठं खर्चिक प्रकरण, असं आता राहिलेलं नाही. शंभर डॉलरच्या आतबाहेर फोनला जोडायचे मिळतात.

१९ ऑगस्ट २०२३

सहाशे गोळ्या. ‘अ’ ३२. ‘ब’ २७.

‘ब’ने दोनशे गोळ्यांत १३ थाऊ गमावले, म्हणजे जास्त पावडरच्या ‘अ’पेक्षाही जास्त. साफ करून पुन्हा मोजलं. तेच. बोअरस्कोपमध्येही जूनमध्ये तुरळक असलेल्या भेगा आता एकमेकींना मिळालेल्या दिसतात. पावडरचं माप कमी ठेवून बॅरल वाचतं, हे गृहीत धरून सगळा खटाटोप मांडला आहे, आणि आकडा नेमका उलटा. वहीत मागे जाऊन दोन्ही बॅरलं कुठे, कधी, कशी झाडली ते तपासलं.

उत्तर तिथे होतं. जुलै-ऑगस्टमध्ये ‘ब’ जवळपास सगळं इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर झाडलं गेलं. तिथे गोळी लागली की क्षणात टॅब्लेटवर ठिपका येतो, वारा बदलायच्या आत पुढची गोळी सोडायचा मोह होतो, आणि वीस गोळ्या सहा-सात मिनिटांत संपतात. ‘अ’ मात्र पिटमधून (निशाणांखालच्या खंदकातून) हाताने निशाणं ओढून खुणा करतात त्या फेऱ्यांमध्ये वापरलं होतं. तिथे दोन गोळ्यांत अर्धा-पाऊण मिनिट सहज जातं.

त्यात फिनिक्सचा उन्हाळा. बेन एव्हरी रेंजवर सकाळी नऊलाच पारा चढलेला असतो, आणि उन्हात ठेवलेलं बॅरल पहिली गोळी सुटायच्या आधीच हाताला चटका देतं. थ्रोटचा आतला पृष्ठभाग प्रत्येक गोळीला हजार अंशांच्या वर तापतो, फक्त काही सहस्रांश सेकंद. मग उष्णता बाहेरच्या पोलादात पसरते. बाहेरचं पोलाद आधीच गरम असेल तर ती पसरायला जागा कमी, आणि पुढची गोळी चढत्या तापमानावर येऊन पडते. दर वेळी पृष्ठभाग फुगतो, आकसतो, वायूंतला कार्बन त्यात शिरून तो ठिसूळ होतो, भेगा खोल जातात, कडा तुटतात.

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं, लेथवर कार्बाइड इन्सर्टचं तेच. कटिंग स्पीड वीस टक्क्यांनी वाढवलास तर इन्सर्टचं आयुष्य निम्म्यावर येतं. फीडनं एवढं होत नाही. तापवलंस की गेलं.’ त्यांनी बंदूक कधी हातात धरलेली नाही, पण चाळीस वर्षं पोलाद कसं झिजतं ते पाहिलं आहे. माझ्या तक्त्यात तापमानाचा रकानाच नव्हता.

८ ऑक्टोबर २०२३

रकाना वाढवला. चेंबरच्या जरा पुढे बॅरलच्या बाहेरच्या बाजूला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवला आहे. बाहेरचं तापमान आतल्या घडामोडींच्या मागून येतं, तरी दोन बॅरलांची तुलना करायला पुरतं.

एका सकाळी ‘ब’वर दोन मालिका मुद्दाम वेगवेगळ्या वेगाने झाडल्या. घाईने वीस गोळ्या: ३१ अंशांवरून ७२. दर गोळीनंतर पाऊण मिनिट थांबून वीस: ३३वरून ५४. पावडर एक कणही बदललेली नाही.

आता हे नियम पाळते. शेडबाहेर रायफल ठेवताना बॅरलवर पांढरं कापड. दोन मालिकांच्या मध्ये बोल्ट काढून चेंबरमधून हवा सोडणारा छोटा बॅटरीवरचा पंखा. तीस-पस्तीस डॉलरचा आहे आणि या सगळ्या खरेदीत पैसे वसूल करणारी वस्तू हीच. ६० अंशांच्या वर गेलं की थांबायचं, वारा कितीही मनासारखा असला तरी. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वाऱ्याची वाट पाहत बसायचं नाही. पावडर गरम होते, दाब वाढतो आणि ती गोळी वर जाते.

ओल्या फडक्याने बॅरल गार करण्याचा सल्ला एकाने दिला. केलं नाही. बाहेरून एकाच बाजूने पाणी लागलं तर निशाणा हलतो, आणि पाणी चेंबरपर्यंत गेलं तर वेगळीच आफत.

२० जानेवारी २०२४

आठशे गोळ्या. दोन्ही बॅरलं आता सारख्या संथ गतीने झाडली. ‘अ’ ४२, ‘ब’ ३३. गेल्या दोनशेत ‘अ’ १० आणि ‘ब’ ६. पावडरच्या मापाचा परिणाम तापमान आवरल्यावर पुन्हा दिसू लागला.

रेंजवरच्या एका अनुभवी नेमबाजाने ‘ब’साठी डबल-बेस पावडर सुचवली, म्हणजे नायट्रोसेल्युलोजसोबत नायट्रोग्लिसरीन असलेली. कमी मापात जास्त वेग मिळतो, हे खरं आहे. पण ती जास्त गरम जळते, आणि मला थ्रोटच वाचवायचा आहे. हे भांडण फार जुनं आहे. ब्रिटिशांच्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये (त्यांच्या बिनधुराच्या पावडरमध्ये) ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. काळ्या दारूसाठी आखलेल्या ली-मेटफर्ड रायफलीचं उथळ, गोलसर कडांचं रायफलिंग त्याने भराभर झिजलं. १८९५ मध्ये चौकोनी कडांचं, खोल एनफिल्ड रायफलिंग आलं, आणि पुढे कॉर्डाइट एमडीमध्ये नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं. एका साम्राज्याला पावडर बदलावी लागली, कारण बॅरलं टिकत नव्हती.

एच४३५० सिंगल-बेस, म्हणजे नायट्रोग्लिसरीन नसलेली आहे. तीच ठेवली.

१३ एप्रिल २०२४

हजार गोळ्या. ‘अ’ ५२, ‘ब’ ३९.

‘अ’चा शंभर यार्डांवरचा पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे निशाण्यावरच्या छिद्रांचा पसारा, अर्ध्या इंचावरून पाऊण इंचाच्या पुढे गेला. गोळीची बसवणी मी पहिल्या दिवसापासून हलवली नव्हती, म्हणजे गोळीला लँड्सपर्यंतची उडी आता पन्नास थाऊंनी वाढलेली. गोळी तीस थाऊ बाहेर घेऊन बसवली, मॅन्युअलप्रमाणे खालून चढत पुन्हा त्याच मापावर आले, दाबाच्या खुणा तपासल्या. ग्रुप परत अर्ध्या इंचावर.

थ्रोट पळतो तसं त्याच्या मागे जायचं की नाही, यावर नेमबाजांत दोन तट आहेत. माझं मत: लांब उडी सोसणारी गोळी असेल तर दर दोनशे गोळ्यांना बसवणी बदलत बसू नका, ग्रुप बिघडला तरच हात लावा. गोळी बाहेर घेत गेलं की पितळाच्या गळ्यात तिची पकड कमी होते, आणि हा उपाय कधीतरी संपतोच.

‘ब’ला अजून हात लावावा लागलेला नाही.

४ ऑगस्ट २०२४

परवा, १ तारखेला, पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळालं. कांबळवाडीचा मुलगा, आमच्या जिल्ह्यातला. इथे मध्यरात्रीनंतर जागून निकाल पाहिला आणि डोळ्यांत पाणी आलं. घरचे, मैत्रिणी, सगळ्यांचे फोन, आणि त्यातून एका भाचीचा प्रश्न: ‘मावशी, त्यांना पण बॅरल असं सारखं बदलावं लागतं का गं?’

नाही, आणि त्याचं कारण या नोंदींच्या विषयाशी नेमकं जुळतं. ते .२२ लाँग रायफल काडतूस आहे. त्यात एक ते दोन ग्रेन पावडर, सामीची कमाल मर्यादा २४,००० पीएसआय, गोळी मऊ शिशाची आणि मेण-ग्रीस लावलेली, वेग आवाजापेक्षा कमी. अशी बॅरलं हजारो गोळ्या झाडूनही ठणठणीत राहतात. ज्याला रायफल नेमबाजी शिकायची आहे आणि बॅरलचा खर्च परवडणार नाही, त्याने बिनधास्त .२२ वर सराव करावा. ट्रिगर, श्वास, वारा, सगळं तिथे शिकता येतं.

बाराशे गोळ्यांचं माप: ‘अ’ ६३, ‘ब’ ४६. या उन्हाळ्यात पंखा आणि थर्मोकपल दोन्ही होते, आणि ‘ब’ने गेल्या वर्षीसारखी उडी मारली नाही.

१६ नोव्हेंबर २०२४

चौदाशे. ‘अ’ ७५, ‘ब’ ५२. ‘अ’ची झीज आता दर दोनशेला बारा थाऊ, म्हणजे वाढते आहे. बोअरस्कोपमध्ये भेगांच्या चौकोनांतले काही तुकडे निघून खड्डे पडलेले दिसतात. सफाईत तांबं जास्त निघतं, कारण गोळीचं आवरण त्या खड्ड्यांवर खरवडून जातं. वेग २७४५ वरून २७१५. थ्रोट लांबला की गोळीमागची जागा वाढते, दाब घटतो, वेग उतरतो. ‘ब’ दहा फुटांनी उतरलं आहे, ते हवामानातल्या फरकातही मोडेल.

‘अ’चा उतरलेला वेग अर्धा ग्रेन पावडर वाढवून भरून काढावा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. झिजलेल्या थ्रोटमध्ये ती सोसते असं गणित सांगतं. पण जूनमधली ती कार्बनची रिंग मी पाहिली आहे. कमाल मापाच्या वरची भरणी घेऊन मॅचला जायचं, आणि मधेच रिंग तयार झाली तर? शिवाय झिजलेल्या जागी जास्त पावडर जाळली तर झीज आणखी वेगाने होणार. तीस फूट वेग गेला तर जाऊ दे. ड्रॉप तक्ता (कोणत्या अंतरावर गोळी किती खाली जाते त्याचा) नव्याने केला, एलिव्हेशनच्या दोन क्लिक जास्त, काम झालं.

शेवटच्या तीन मॅचमध्ये ‘अ’ आणि ‘ब’च्या गुणांत मला पावडरमुळे पडलेला फरक दाखवता येत नाही. वारा वाचण्यात मी जे गमावते ते त्या चार-पाच इंचांपेक्षा खूप जास्त आहे.

२२ फेब्रुवारी २०२५

‘अ’ निवृत्त. हजार यार्डांवर पुन्हा ती वर-खाली जाणारी गोळी दिसू लागली, आणि बसवणी आणखी बाहेर घ्यायला गळ्यात जागा उरलेली नाही. पंधराशेच्या जरा पुढे गेलं. ‘ब’ तेवढ्याच गोळ्यांवर अर्ध्या इंचाचे ग्रुप देत आहे. त्याची गती पाहता बावीसशे-तेवीसशेपर्यंत ते जायला हरकत नाही. त्या उन्हाळ्यातली घाई केली नसती तर आणखी थोडं.

खर्च मांडला: बॅरल करासह साधारण सहाशे धरलं तर ‘अ’ला दर गोळीमागे चाळीस सेंट नुसत्या बॅरलचे पडले. ‘ब’ बावीसशेला थांबलं तरी सत्तावीस.

‘अ’ सेट-बॅक करता येईल का, हे विचारायला गनस्मिथकडे नेलं. म्हणजे मागून इंचभर कापायचं, आटे आणि शोल्डर नव्याने घ्यायचे, चेंबर पुन्हा करायचं. त्यांनी साडेतीनशे सांगितले आणि चार महिने लागतील म्हणाले. बोअरस्कोपने पाहिलं तर दाट भेगा चेंबरपुढे अडीच इंचांपर्यंत आहेत. इंचभर कापून नव्या थ्रोटच्या पुढे जुन्या भेगाच उरतील. नको म्हटलं. ६.५-२८४ च्या वेळी हे विचारलंही नव्हतं. तुम्ही विचारणार असाल तर कापण्याआधी भेगा कुठे संपतात ते मोजून घ्या, आणि बॅरलची मागची जाड बाजू पुरेशी लांब आहे का तेही.

‘ब’ मॅचसाठी चालू राहील, त्याच मापावर. जुन्या लॉटचा शेवटचा डबा संपत आला आहे. नवीन लॉट आला की मापाने खाली येऊन पुन्हा वेग पाहीन, मगच पुढच्या गोळ्या भरायच्या. पुढचं थ्रोटचं माप सोळाशेवर, आधी रिंग तपासून. नवं बॅरल मागवलं आहे, पुन्हा ६.५ क्रीडमूरच, आणि त्याला सुरुवातीपासून ‘ब’चंच माप.